बुरशीच्या वर्गाचा बारावा विद्यार्थी

कॉलेजच्या तळघरातल्या छापखान्याचं दार लोटलेलं होतं, आणि आत कुणीतरी मॅडमच्याच शब्दांत धमक्या देत होतं.

"उशिरा येणाऱ्यास वर्गात घेतले जाणार नाही... सबबी ऐकल्या जाणार नाहीत..."

मॅडम दाराबाहेरच थबकली. बुरशीशास्त्राच्या नव्या वर्गाचा अभ्यासक्रम तिनेच सकाळी छापायला पाठवला होता. पण त्या संथ, खोल आवाजात तो भलताच भयाण वाटत होता. शिवाय वाचणारा दर वाक्यानंतर थांबत होता, समोरून कुणी 'हं' म्हणेपर्यंत थांबावं तसा.

धीर करून तिने दार ढकललं. आत छापखानेवाला एकटाच. समोर रिकामी खुर्ची.

"कुणाला वाचून दाखवताय?"

"वडिलांना," तो सहज म्हणाला. "एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवायचं, अशी आमची प्रुफं तपासायची रीत. ते जाऊन वर्ष झालं, पण... मजकूर आवडला की खुर्ची करकरते."

"आणि माझा मजकूर?"

"गप्प आहे बिचारी. घाबरली असेल."

दुसरा कुणी असता तर मॅडमने त्याला तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. पण तो हसला तेव्हा त्याच्या गालाला शाई लागलेली दिसली, आणि मेला रागच येईना.

"शनिवारपर्यंत बारा नावं आली नाहीत तर वर्ग बंद," ती म्हणाली. "म्हणजे माझी नोकरीही. आतापर्यंत दोन आलीत. पण जरब नसली की पोरं डोक्यावर बसतात..."

"आधी बाकावर तर बसू द्या. या कागदावर तुम्ही कुठेच नाही, मॅडम. बुरशी का आवडते तुम्हाला?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "आईच्या बंद कपाटात एकदा चपलेवर हिरवी मखमल उगवली होती," ती अडखळत म्हणाली. "आई किंचाळली. मी मात्र रोज चोरून बघायला जायची... वाढलीय का, म्हणून."

तो ऐकता ऐकता टाइप करत होता. मग वाचू लागला. "पहिल्या तासाला शिळ्या पावाचा तुकडा आणा. त्यावर काय जगतंय ते मिळून बघू. उशीर झाला तरी या — मागचं दार उघडं असेल."

तो थांबला. खुर्ची करकरली. चांगली लांबलचक, माणूस सैलावून बसावा तशी.

तळघराला खिडकी नव्हती की पंखा नव्हता. तिने बैठकीवर हात ठेवला. ती कोमट होती. तिने झटकन हात काढला तो थेट त्याच्या मनगटावर. तिथून मात्र हात लवकर निघाला नाही.

नवा कागद फळ्यावर लागला आणि पोरं वाटेत गाठून विचारू लागली, "मॅडम, काळी केसाळ चालेल?" ती रोज काहीतरी निमित्त काढून तळघरात उतरू लागली. तो रोज काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि शाईची बाटली पुसत बसायचा.

शनिवारी दुपारी ऑफिसातल्या यादीत अकरा नावं होती. कारकून कपाटाला कुलूप लावायला उठला, तेवढ्यात छापखानेवाला धापा टाकत जिना चढून आला. हातात भरलेला प्रवेशअर्ज.

"शेवटचं वर्ष राहिलं होतं माझं... वडील आजारी पडले तेव्हा."

बारा! तिचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला उमगलं.

"म्हणजे आता तुम्ही माझे विद्यार्थी," ती हळूच म्हणाली. "आठवडाभर जे ओठांवर आणून गिळत होतात, ते..."

"परीक्षेपर्यंत विचारता येणार नाही. ठाऊक आहे." त्याने अर्ज पुढे सरकवला. "विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

कारकून खाकरला.

"हो," ती म्हणाली. "परीक्षेनंतरही हो."

मग तिने सही केली, आणि बाराव्या विद्यार्थ्याला, इतर अकरांना सांगितलं होतं तसंच, सोमवारी पाव आणायला सांगितलं.