छाती भरलेली, तरी हवा कमी

छातीत हवा गच्च भरलेली असताना माणूस हवेसाठी का तळमळतो? हे कोडं सातवीतल्या ऋजुता गवंडीला पडलं होतं, कारण ते तिच्याच छातीत राहायला आलं होतं.

ऋजुताला दमा होता. कराडजवळच्या तिच्या शाळेत कबड्डीतल्या तिच्या चढाईला तोड नव्हती. पण गेल्या महिन्यात सरावात तिला धाप लागली, छातीतून शिट्टी वाजू लागली आणि जो तो डॉक्टर झाला. कुणी तिला आडवं निजवलं, कुणी नाकाशी कांदा धरला, बाकीच्यांनी भोवती कोंडाळं केलं. तिचा औषधाचा पंप होता वर्गात, दप्तराच्या तळाशी. तो सापडेपर्यंत खेळाच्या कुंभार सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून सरांनी तिला संघाबाहेर बसवलं होतं. सर हे मायेनं करत होते, म्हणून तर तिला जास्तच राग येत होता.

साल होतं २०६३. तालुक्यातल्या शाळांमधून फिरणारा आरोग्य-यंत्रमानव त्या सोमवारी शाळेत आला. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण त्याचं गरगरीत पोट बघून पोरांनी त्याचा पाच मिनिटांत फुग्या करून टाकला. ऋजुतानं आपलं कोडं थेट त्याच्यापुढे ठेवलं.

"सांगून पटायचं नाही. फुप्फुसात शिरूनच बघा," म्हणत फुग्यानं पोटातून रबराची गुंडाळी काढून मैदानात फुगवली. एक लांब बोगदा आणि त्याच्या टोकाला गोल खोली. "बोगदा म्हणजे श्वासनलिका (हवेची ये-जा होते ती नळी). खोली म्हणजे वायुकोश (जिथून प्राणवायू रक्तात जातो ती इवलीशी पिशवी). आणि तुम्ही सगळे हवा! चला आत."

पोरं धावत आत गेली आणि धावत बाहेर आली. दुसऱ्या खेपेला कुंभार सरही शिरले. ती हवा जरा वजनदार होती.

"आता धूळ उडाली," फुग्या म्हणाला. "दमेकऱ्याची श्वासनलिका फार हळवी. धूळ, धूर, सर्दी, कशानंही चिडते." त्यानं कळ दाबताच बोगद्याभोवतीचे पट्टे आवळले गेले. हे स्नायू. मग आतलं अस्तर सुजलं आणि त्यातून भेंडीसारखा चिकट कफ पाझरू लागला.

"श्वास घेताना छाती फुलते, तेव्हा नळ्याही जराशा रुंदावतात आणि हवा कशीबशी आत जाते. सोडताना मात्र नळ्या आणखी मिटतात. आता या बघू बाहेर!"

सर निम्म्यापर्यंत आले आणि अडकले. "आरं, वढा की मला!" ते ओरडले. त्यांच्या मागे खोलीत पोरं दाटीवाटीनं उभी, आणि बाहेरच्यांना आत पाऊल टाकायला जागा नाही. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. ऋजुता तेवढी हसली नाही.

"कळलं!" ती म्हणाली. "जुनी हवा बाहेर पडत नाही, म्हणून नवीला जागा मिळत नाही. आणि त्या फटीतून जी निसटते, तिचीच शिट्टी वाजते. सर, मला अगदी असंच होतं."

चिकट चेहऱ्यानं सर तिच्याकडे बघतच राहिले.

फुग्यानं निळा पंप फवारला. पट्टे सैल झाले, सर सुटले. "हे तातडीचं औषध. पण सूज गेली का?" सूज होती तिथेच होती. "ती उतरवायला रोजचं औषध असतं. त्याचा गुण सावकाश येतो. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं ते सोडलं, की सूज पुन्हा हजर."

ऋजुताची मान खाली गेली. बरी असताना औषध कशाला, म्हणून तिनं दिवाळीपासून ते बंदच केलं होतं.

"रोज घेईन," ती म्हणाली. "पंप मैदानाच्या कडेला ठेवीन. मग खेळू द्याल?"

"डॉक्टरांना हो म्हणू दे, मग माझंही हो," सर म्हणाले.

दम लागला तर काय करायचं, हेही फुग्यानं सगळ्या वर्गाकडून घोटून घेतलं. ताठ बसवायचं, गर्दी हटवायची, स्पेसर (औषध घशात न अडकता छातीत उतरावं म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून पंप द्यायचा, आणि आराम पडेना तर क्षणभरही न थांबता रुग्णवाहिका बोलवायची.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी होकार दिला आणि ऋजुता आंतरशालेय सामन्यात उतरली. शेवटची काही मिनिटं राहिली होती. समोरच्या संघाची कप्तान मृदुला चढाईला आली आणि ऋजुतानं तिचा घोटा पकडला. पकड पक्की होती, सामना हातात आला होता. तेवढ्यात मृदुलाच्या 'कबड्डी-कबड्डी'मागून बारीकशी शिट्टी ऐकू आली.

ऋजुतानं घोटा सोडला. "सोडा तिला!"

मृदुलाचा हात मध्यरेषेला लागला आणि गुण गेले. "ऋजे, काय केलंस हे!" तिची मैत्रीण नाझनीन किंचाळली. पण मृदुला उठेना. तिच्या संघातल्या मुली तिला निजवायला धावल्या.

"निजवू नका, बसवा! मागं सरका सगळ्या! मृदुला, पंप कुठाय?"

मृदुलानं कोपऱ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवलं. नाझनीननं पळत जाऊन पंप आणला, तर कुंभार सर नवा स्पेसर घेऊन आधीच उभे होते. हळूहळू शिट्टी थांबली. मृदुलाचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला.

"आमच्या सरांना दम्याचं सांगू नको," ती कुजबुजली. "मला कायमचं बाहेर बसवतील."

ऋजुताला त्या बसण्याची चव पुरती ठाऊक होती. तिनं मृदुलाचा हात धरला आणि घाबरेघुबरे होऊन येणाऱ्या तिच्या सरांसमोर ती उभी राहिली.

"सर, हिला दमा आहे," ऋजुता म्हणाली. "आज ही विश्रांती घेईल, डॉक्टरांना भेटेल. आणि पुढच्या वर्षी ही पुन्हा आमच्याविरुद्ध खेळणार आहे. कसं, ते मी सांगते. बसा."

आणि सर बसले.