दोनशे तेरावी ओळ

जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहून ती हातातला कागद मोठ्याने वाचत होती, आणि तिच्या दोन पायऱ्या खाली एक अनोळखी तरुण बुटाची नाडी बांधत बसला होता. नाडी केव्हाच बांधून झाली होती. तरी तो उठत नव्हता.

“छोट्या व्यवसायांसाठी हे सॉफ्टवेअर अतिशय सोयीचं आहे,” तिने वाचलं.

“हेच वाक्य मागच्या पानावरही होतं,” तो खालूनच म्हणाला.

ती दचकली. पान उलटून पाहिलं... होतं. शब्दन्‌शब्द तेच.

“तुम्ही कधीपासून ऐकताय?”

“नाडी बांधायला लागलो तेव्हापासून.”

“एवढ्यात दोन पानं वाचून झाली माझी!”

“गाठ अवघड होती,” तो म्हणाला, आणि गालाच्या एकाच बाजूने हसला.

तिचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. काम तसं साधंच. कोणाला दवाखान्यासाठी, कोणाला शिकवणीसाठी, कोणाला दुकानासाठी एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं असतं, आणि बाजारात तर त्यांचा सुकाळ. मग माणूस ऑफिसच्या वेबसाइटवर येतो आणि ‘हे घ्यावं की ते’ अशी दोन्हींची तुलना करणारं पान वाचतो. ती पानं ती लिहायची. आधी वहीत, मग संगणकावर, मग जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचून. कानाला खटकलं की वाक्य बदलायचं. अशाने वर्षभरात चाळीस पानं झाली होती, आणि संपादकबाईंनी कपाळाला हात लावला होता.

“अगं, पानं लिहितेयस की विणतेयस?”

म्हणून बाईंनी तीन महिन्यांसाठी एक प्रोग्रामर बोलावला होता. तो हाच, नाडीवाला. त्याची रीत निराळी होती. तिने फक्त एक शीट भरायची. एका सॉफ्टवेअरला एक ओळ. कोणासाठी, बलस्थानं, उणिवा, फुकट वापरून बघायचा चाचणीकाळ, शेवटी निवाडा असे रकाने. मग त्याचा प्रोग्राम प्रत्येक ओळीची जोडी दुसऱ्या प्रत्येक ओळीशी लावणार, मजकूर साच्यात ओतणार, की पान तयार. दोनशे बारा ओळी भरल्या, की बावीस हजारांवर पानं. आपोआप.

“म्हणजे माझं काम संपवायला आलात,” ती म्हणाली.

“नाही हो. तुमचं एकेक वाक्य दोनशे ठिकाणी पोचवायला आलोय.”

“मग तर जपूनच लिहायला हवं.”

“तेच म्हणतो. मागच्या पानावरचं नको,” तो म्हणाला, आणि तिने कागदाची गुंडाळी करून त्याला मारायला उगारली. ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

त्या दिवसापासून तिने त्याचं नाव ठेवलं साचेवाला. आठवडाभरात सगळं ऑफिस त्याला त्याच नावाने हाक मारू लागलं.

त्याला बसायला मागची खोली मिळाली होती, तिला खिडकीपाशी टेबल. मध्ये एक भिंत. पण शीट दोघांची एकच. शीटमध्ये ती जिथे असेल तिथे नारिंगी चौकट दिसायची, आणि तो असेल तिथे हिरवी. सकाळी शीट उघडली की ती आधी हिरवी चौकट शोधायची. ती कुठेतरी वर, तेराव्या ओळीत असायची. मग हळूहळू खाली यायची... एकेक ओळ... आणि तिच्या शेजारच्या रकान्यात येऊन नुसतीच थांबायची. काही लिहायची नाही, पुसायची नाही. तिची बोटं मात्र चुकायला लागायची.

“काही दुरुस्ती आहे का?” तिने एकदा कडेच्या कमेंटमध्ये लिहिलं.

“नाही,” उत्तर आलं.

“मग इथे काय करताय?”

हिरवी चौकट जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने शब्द उमटले : “वाचतोय. तू लिहितेस तेव्हा बघायला छान वाटतं.”

‘तू’ म्हणाला होता. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. आपण चुकून लिहिलं हे त्याच्याही लक्षात आलं असावं. तिने घाईघाईने उत्तर पाठवलं, नाहीतर तो माफी मागून पुन्हा ‘तुम्ही’वर गेला असता.

“तू तुझं काम कर,” तिने लिहिलं. आणि मग पाणी प्यायला गेली, तहान नसताना.

हे सगळं गोड होतं, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तीन महिने संपले की त्याला दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. शीट भरली, पानं निघाली, की तो निघाला. म्हणजे ती स्वतःच्याच हाताने, एकेक ओळ भरून, त्याला दूर लोटत होती.

हे ध्यानात आलं तेव्हा एकशेचाळीस ओळी झाल्या होत्या. त्यानंतर तिचा वेग असा काही मंदावला की बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“काय गं, पुन्हा विणायला घेतलंस वाटतं?”

“खात्री करून लिहावं लागतं, बाई.”

“आणि याचं काय?” बाईंनी मागच्या खोलीकडे हनुवटी उडवली. “त्याला विचारलं तर म्हणतो साच्यात अजून काम बाकी आहे. इतकं कसलं काम? साचा आहे की ताजमहाल?”

भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. ती खाली मान घालून हसली. पण घरी जाताना बसमध्ये ती उरलेल्या ओळी मोजत राहिली.

तिच्या घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा पूर्वी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचे. आता ते लेकीच्या वेबसाइटवरचं पानन्‌पान भिंग लावून वाचायचे आणि फोन करून चुका सांगायचे. त्यांना सांगावं असं तिला पुष्कळदा वाटलं. पण सांगायचं काय? त्याने काही विचारलेलं नव्हतं. तीही काही बोललेली नव्हती. दोन चौकटी शेजारी शेजारी बसतात, याला काय नाव द्यायचं?

मग एका दुपारी, मन फारच भरून आलं तेव्हा, तिने शीटच्या तळाशी एक जादा ओळ लिहिली.

नाव : साचेवाला. कोणासाठी : ज्यांना कोणी नीट ऐकून घेत नाही त्यांच्यासाठी. बलस्थानं : चुका दाखवतो पण लाजवत नाही, हसतो तेव्हा गालाच्या एकाच बाजूने हसतो, दुसरी बाजू कोणासाठी राखून ठेवलीय कळत नाही. उणिवा : स्वतःहून काही सांगत नाही. चाचणीकाळ : तीन महिने, संपत आला.

निवाड्याचा रकाना तिने मोकळाच ठेवला. मग माउसची उजवी कळ दाबून तिने ती ओळ लपवून टाकली. शीटमध्ये तशी सोय असते. ओळ मिटते, वरची आणि खालची एकमेकींना चिकटतात, आणि मधे काही होतं याचा कोणाला पत्ताही लागत नाही. पुसण्यापेक्षा लपवणं बरं. मधूनमधून उघडून बघता येतं.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच ठाण मांडलं, आणि दोनशे बाराव्या ओळीत शेवटचा शब्द पडला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पानं निघाली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी दुपारच्या बसने तो जाणार होता.

साडेअकराला बाबांचा फोन आला.

“बाळ, ते ‘साचेवाला’ म्हणून सॉफ्टवेअर आहे ना...”

“काय?”

“साचेवाला. आत्ताच पान आलंय. ‘साचेवाला की टाचण : तुम्ही कोणतं घ्याल?’ टाचणला फोनवरून भेटीच्या वेळा लावता येतात म्हणे. आणि साचेवाला गालाच्या एकाच बाजूने हसतो.” बाबा क्षणभर थांबले. “हे वाक्य मला आवडलं. पण सॉफ्टवेअरला गाल कसा, तेवढं बघून घे.”

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. वेबसाइट उघडली. साचेवाला की टाचण. साचेवाला की खूणगाठ. साचेवाला की कामकाज... बाजारातल्या दोनशे बारा सॉफ्टवेअरांशी त्याची एकेक करून तुलना झाली होती, आणि सगळ्या जगाला वाचायला मोकळी होती.

“बाबा, ते... चुकून...”

“असू दे. मी उणिवाही वाचल्या,” बाबा हळूच म्हणाले. “फार मोठ्या नाहीत, बाळ.”

फोन ठेवला तोच बाई आल्या. चष्मा कपाळावर, ओठ घट्ट दाबलेले. हसू दाबलंय की राग, ओळखता येईना.

“एक तासात ही पानं काढा. दोघं मिळून,” त्या म्हणाल्या, आणि जाता जाता वळून पुढे म्हणाल्या, “वाक्यं मात्र वर्षभरातली सगळ्यात चांगली आहेत. तुलना लिहिताना कुठे जातं गं हे?”

मागच्या खोलीत तो पाठमोरा बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. ती दारातच थांबली.

“मी ओळ लपवली होती,” ती म्हणाली.

“माणसांपासून लपते. प्रोग्राम सगळंच वाचतो.” तो अजून वळला नव्हता. “तीन आठवड्यांपूर्वी चाचणी घेतली, तेव्हा एक ओळ जास्त आली.”

“तीन आठवडे... तू तीन आठवडे ती वाचून गप्प बसलायस?”

“तूच लिहिलं होतंस ना. स्वतःहून काही सांगत नाही.”

“म्हणून माझंच खरं करून दाखवायचं?”

तो वळला. हसत नव्हता. “ती ओळ सोडून द्यायची अशी सूचना मी प्रोग्रामात घातली होती. तुला लाज वाटू नये म्हणून. काल मी माझी सगळी तात्पुरती ठिगळं प्रोग्रामातून काढून टाकली. दुसऱ्याच्या हाती काम द्यायचं तर ते साफ करूनच द्यावं लागतं. ही सूचनाही काढली. वाटलं, तू एव्हाना ओळ पुसली असशील.”

“का पुसेन?”

“मी जाणार म्हणून.”

“जाणारं माणूस पुसतात का?” ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

तो पडद्याकडे वळून एकेक पान काढू लागला. एकदम सगळी काढता आली असती, हे तिलाही ठाऊक होतं. ती शेजारी येऊन बसली. पानं उघडत होती, मिटत होती. प्रत्येकाच्या तळाशी तेच वाक्य होतं : ‘दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत. गरजेनुसार निवडा.’

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“निवाडा मोकळा असला की साचा हे वाक्य घालतो.”

“चूक आहे.”

“मग काय घालायला हवं?” त्याने अगदी हळू विचारलं. माउसवरचा हात थांबला होता.

आता जिना नव्हता, भिंत नव्हती, कमेंटचा चौकोनही नव्हता. जे बोलायचं ते तोंडानेच बोलायचं होतं. तिने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगत होती, पडत होती.

“समोर कोणीही असू दे,” ती म्हणाली. “दोनशे बाराही पानांवर माझं उत्तर एकच आहे. तू.”

मग त्याने माउस सोडला आणि तिच्या बोटांवर बोटं ठेवली. इतकी हलकी, जणू काही हलकाच दाब पडला तरी काहीतरी पुसलं जाईल.

“मी तिथल्या लोकांना शब्द दिलाय,” तो म्हणाला. “सोमवारी हजर होतो म्हणून.”

“माहीत आहे. मोडू नकोस.”

“तू म्हणालीस तर...”

“म्हणूनच तर म्हणत नाहीये.”

शनिवारी ती बसथांब्यावर गेली. जायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. बाबांनी काही न विचारता तिची छत्री दाराशी आणून ठेवली, म्हणून गेली. पाऊस नावापुरताच होता, भुरभुर. त्याच्याकडे दोन बॅगा होत्या, त्यातली एक तिने उचलली. तो नको म्हणाला, तिने ऐकलं नाही. बसमध्ये चढून ती बॅग वरच्या फळीवर ढकलत होती. फळी अरुंद आणि बॅग फुगलेली; तिने पुन्हा ढकलली, त्यानेही हात लावला... आणि बस सुटली.

“ओ ताई, आता पुढच्या थांब्यालाच,” कंडक्टर म्हणाला. “वीस मिनिटं लागतील. बसा.”

ती बसली. तो शेजारी बसला. दोघांनाही हसू आलं, आणि लगेच ओसरलं. वीस मिनिटं! काल संध्याकाळी कोणी वीस मिनिटं देतो म्हणालं असतं तर तिने काय काय बोलायचं ठरवलं असतं. आता ती नुसती खिडकीबाहेर बघत होती. काचेवरून थेंब तिरके पळत होते. त्याचा खांदा बसच्या हिसक्याने तिच्या खांद्याला लागत होता, आणि हिसका सरला तरी दूर होत नव्हता.

“बाबा तुझ्या उणिवांबद्दल बोलत होते,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?”

“सांगणार नाही. कोणी सांगत नाही तेव्हा कसं वाटतं ते कळू दे तुला.”

तो हसला. मग खाली बघत राहिला. थांबा जवळ आला असावा, कारण कंडक्टर दाराकडे निघाला होता.

“तिथे एक शनिवार सोडून एक सुटी असते,” तो एकदम म्हणाला.

“मला सांगतोयस की विचारतोयस?”

“विचारतोय.” त्याने मान वर केली. “मी आलो तर... भेटशील? दर वेळी? आणि एखाद्या वेळी तू येशील का?”

“हो,” ती म्हणाली. “सगळ्याला हो.”

बस थांबली. ती उतरली. छत्री त्याच्या सीटवरच राहिली हे तिला खाली उतरल्यावर कळलं; त्याने ती खिडकीतून दाखवली, तिने ‘राहू दे’ अशी खूण केली. काचेमागे त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बस वळणापाशी लहान झाली, मग नुसताच लाल ठिपका, मग तोही नाही.

ती चालू लागली. पाऊस केसांवर बसत होता, विरत होता. डोक्यात एकच हिशेब चालला होता : आज शनिवार, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा... चौदा दिवस. दुकानं मागे पडली, एक शाळा मागे पडली, लांबच लांब कुंपण संपलं. बऱ्याच वेळाने सायकल हातात धरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने विचारलं, “काका, शहराकडे जायला अजून किती आहे?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग ती आली त्या दिशेकडे पाहिलं.

“शहर तुझ्या पाठीमागे राहिलं, पोरी. तू उलटी निघालीयस.”

ती थांबली. समोर तोच रस्ता होता, बस गेली तो.

“हो का?” ती म्हणाली. आणि वळण्याआधी आणखी थोडी चालली.