दादाच्या कोटाएवढा बांबू

थापा मारण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या खानदानात कोणी नाही. मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला म्हणायचे कष्ट नकोत. पण ही थाप नाही. पटत नसेल तर आमच्या मागच्या अंगणात येऊन बघा... फक्त येताना कपडे आखूड घालून या.

का, ते कळेलच.

आणि भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर तो माझ्याहून मोठा थापाड्या. आमच्याकडे जे यायचं ते लख्ख उन्हात यायचं. दुपारची भांडी घासून झाली की.

आम्ही दोघी. मी आणि माझी वहिनी. मी जन्मभर शिवणकाम केलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गोदीच्या फाटकावर पहारेकरी होता. तो गेला आणि उरलो नणंद-भावजय. लोकांना वाटलं, आता या एकमेकींच्या झिंज्या उपटणार. आम्ही त्याऐवजी घर घेतलं. दोघींचं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. खिळा ठोकायचा तरी मालकाचं तोंड बघा. म्हातारपणी का होईना, आपल्या भिंतीला आपला खिळा.

घर छोटंसं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. आणि अंगणभर बांबू.

घर तपासायला एक इंजिनियर आणला होता. भिंती ठोकून, छपरावर चढून खूश झाला. मग त्याने मागचं दार उघडलं आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, हा बांबू जमिनीखालून पळणारा. मुळं भिंतीखाली शिरतात, फरशी फोडून वर येतात. मुळासकट काढून द्यायला सांगा, त्याशिवाय सही करू नका.

मग बांबूकडे बघत म्हणाला, "पण गंमत आहे. ही जात छपराच्या वर जाते. इथे सगळे कमरेएवढेच कसे?"

मातीत दम नसेल, असं त्याचं त्यानेच ठरवलं.

विकणारा लगेच कबूल झाला. माणसं लावून त्याने सगळं अंगण खणून काढलं. भला माणूस. एकच गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली, त्याचे कपडे. कापड भारीतलं, पण पँट घोट्याच्या चांगली वीतभर वर. बाह्या जेमतेम कोपर झाकणाऱ्या. सगळं आत दुमडून, गबाळे टाके घालून आखूड केलेलं. याने कुठल्या शिंप्याच्या बायकोची छेड काढली असेल, असं मी वहिनीच्या कानात पुटपुटले. तिने मला चिमटा काढला.

किल्ली देताना तो एवढंच बोलला. "कपडे घरातच वाळत घाला. मागे कावळे फार."

त्या अंगणात मी आजवर कावळा पाहिलेला नाही.

कावळाच काय... चिमणीसुद्धा नाही.

राहायला आलो त्याच दिवशी मी अंगणात दोरी बांधली. स्वतःचं अंगण असताना कपडे आत वाळत घालायचे तर घर घेतलं कशाला? दोरीवर दोघींचे गाऊन लटकले. शेजारी दादाचा कोट. पहाऱ्यावरचा, जाडजूड, टाचेपर्यंत लोळणारा. दादाच्या ऐन उमेदीत मीच शिवलेला. कुबट वास जावा म्हणून वहिनीने उन्हात टांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीखाली दोन बांबू उभे.

बांबू भराभर वाढतो, शेंबडं पोरही सांगेल. मी काही दचकले नाही. कोयता आणायला वळले... आणि थांबले.

एक माझ्या खांद्याला लागत होता.

दुसरा वहिनीच्या.

टेप माझ्या गळ्यात कायमच असतो. लावून बघितला. एक बरोबर माझ्या गाऊनच्या उंचीचा, दुसरा तिच्या. सुताचाही फरक नाही. मी दोन्ही बुडाशी छाटले आणि चहा ठेवला.

सकाळी पुन्हा दोन्ही तेवढेच.

आणि त्यांच्या शेजारी... तिसरा.

दोघांपेक्षा उंच. मनगटाएवढा जाड.

वहिनी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने मान जराशी पुढे केली आणि त्याच्या शेंड्याला कपाळ टेकवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "माझं कपाळ इथेच टेकायचं. त्यांच्या खांद्याला."

माझ्या हातातला कोयता मी खाली ठेवला. काय करणार?

त्याच दुपारी मागच्या दारावर आवाज आला.

टक... टक.

वारा नव्हता. दोरीवरचं पायपुसणंसुद्धा हलत नव्हतं. दादा पहाऱ्यावरून परतला की काठीने दार वाजवायचा. दोनदाच. तिसऱ्यांदा कधी नाही.

मी कान देऊन बसले.

तिसऱ्यांदा वाजलं नाही.

"आले," म्हणत वहिनी उठली आणि तिने कडी काढली. दारात कोणी नव्हतं. अंगणात तीन बांबू. पण तिसरा सकाळी दोरीखाली होता...

आता पायरीला लागून होता.

रोज दुपारी हेच. टक, टक. वहिनी दार उघडायची आणि त्याच्याशेजारी बसायची. त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगायची. माझ्या कागाळ्यासुद्धा. जेवण सुटलं. बोलणं माझ्याशी कमी, बांबूशी जास्त.

मी तिला समजावलं. दादाचे कपडे आयुष्यभर मी शिवले, त्याचं माप मला झोपेत पाठ. शेवटच्या वर्षांत त्याची पाठ वाकली होती. शर्ट पुढून लांब व्हायचे, मीच आखूड केले. हा बांबू त्या दादाएवढा नाही. हा कोटाएवढा आहे.

"मेल्यावर दुखणं सरतं, वन्सं," ती म्हणाली. "पाठही सरळ होत असेल."

बाई वकील व्हायची, उगीच माझ्या दादाच्या गळ्यात पडली.

मग तो दिवस आला. भांडी झाली, आवाज झाला, वहिनी बाहेर गेली. मी हाक मारली. मागे जाऊन बघते तर ती बांबूला टेकून उभी. अनवाणी. पावलं मातीत घोट्यापर्यंत रुतलेली.

"वहिनी, आत ये."

ती हसली. पण हलली नाही.

मी काखेत हात घालून ओढलं. पाय निघेनात. गुडघ्यावर बसून माती उकरली...

तिच्या बोटांभोवती पांढरी मुळं होती. केसांसारखी बारीक. घट्ट.

मी एकेक नखाने तोडलं. तोडताना मुळं गरम लागत होती.

तिला आत आणून पाय धुतले. इंजिनियरला फोन करावा, घर विकावं, सगळं मनात येऊन गेलं. आणि मग डोकं सणकलं. दोन बायांनी म्हातारपणी घेतलेलं घर. माझा खिळा, माझी भिंत. आणि हे कोण, जे दोरीवरचे कपडे बघून आमची मापं घेतं? मापं घ्यायचं काम या घरात माझं.

तेव्हा मला त्या विकणाऱ्याची आखूड पँट आठवली.

मी खुंटीवरून दादाचा कोट काढला. वहिनी पलंगावरून म्हणाली, "कात्री लावायची नाही हं."

"नाही लावत. शब्द देते. पण मला एकदा करून बघू दे. तो दादा असेल तर दादाएवढाच राहील. मग मी दोघांना चहा आणून देईन."

मी कोट खालून वीतभर आत दुमडला, टाके घातले आणि दोरीवर टांगला.

सकाळी दोघी मिळून अंगणात गेलो.

तिसरा बांबू वीतभर आखूड झाला होता.

छाटलेला नव्हता. शेंड्यावर कोवळं पान तसंच. जमिनीने खाली ओढून घ्यावा तसा... कमी झाला होता.

वहिनीने कपाळ पुढे केलं. टेकायला काही नव्हतं. ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल.

"वन्सं," ती म्हणाली, "अजून दुमडा."

मग काय विचारता. दुमडीवर दुमड. बाह्या आत, कॉलर आत. मशीनची सुई मोडली, मग दाभणाने शिवलं. तो कोट बाहुलीच्या अंगाचा झाला. जाड, गच्च, उशीसारखा. आमचे गाऊनही गुडघ्यापर्यंत घेतले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. आमच्या पोटऱ्या, आमचं अंगण.

दुपारी मागच्या दारावर आवाज यायचा, पण रोज आणखी खालून. आधी कडीजवळ. मग उंबऱ्याशी. शेवटी उंदराने कुरतडल्यासारखा.

तिसरा बांबू करंगळीएवढा झाला, तेव्हा वहिनीने पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने तो उपटला. खाली मूळ होतं. पांढरं. ओढलं तसं येत राहिलं, येत राहिलं... आणि भिंतीशी आल्यावर तुटलं.

उरलेलं घराखाली गेलं होतं.

आता आम्ही सुखात आहोत. वहिनी जेवते, माझ्याशी भांडते, माझ्या कागाळ्या आता शेजारणीला सांगते. अंगणात आमच्या दोन आखूड बांबूंशेजारी तिने मिरच्या लावल्यात. कोट कपाटात, कुलपात.

एवढ्यावर थांबायला मला आवडलं असतं.

मागच्या महिन्यात वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिच्याबरोबर मीही दवाखान्यातच राहिले. घर बंद, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. परत आलो. वहिनीला झोपवलं आणि मी कपाट उघडलं.

कोटाची एक दुमड उसवलेली होती.

फाडलेली नाही. उंदराचं काम नाही. एकेक टाका नीट काढलेला.

आणि काढलेला दोरा... आगकाडीवर गुंडाळून कोटावर ठेवलेला.

मी लहानपणी शिवण शिकत होते, तेव्हा चुकलेलं उसवायचं काम दादा करायचा. दोरा वाया जाऊ नये म्हणून आगकाडीवर गुंडाळून माझ्या पेटीत ठेवायचा. हे त्याच्या-माझ्याखेरीज कोणालाच माहीत नाही. वहिनीलाही नाही.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आगकाडी मी पेटीत ठेवली. मग चष्मा लावला, सुई ओवली आणि त्याच दोऱ्याने दुमड पुन्हा शिवली. तेव्हापासून दर आठवड्याला एक उसवते. दर आठवड्याला मी शिवते. पेटीत आगकाड्या साठल्यात.

परवा वहिनी शेजारी गेली होती, तेव्हा मी फरशीवर पाय आपटून मोठ्याने सांगितलं, "दादा असशील तर पुढच्या दाराला बेल आहे. माणसासारखा ये, चहा टाकते. नसशील तर लक्षात ठेव... तू उसवून थकशील, मी शिवून थकणार नाही."

बेल वाजली नाही.

पण माझ्या पावलांखालून, फरशीच्या आतून, हळूच आवाज आला.

टक... टक.

तिसऱ्यांदा वाजतंय का, म्हणून मी अजून कान देऊन असते.