थोरलीची हाक

"घ्या ना ताई… सगळ्यांत आधी तुमच्याच हातात देतेय!"

दवाखान्यातून घरी आल्या आल्या धाकटीने मोठ्या हौसेने बाळ पुढे केलं, आणि तिची थोरली जाऊ चटका बसावा तशी मागे सरली. दोन्ही हात तिने पाठीमागे दडवले.

भावजी नजर चोरून खिडकीबाहेर पाहू लागले. सासूबाईंचा चेहरा मात्र दगडासारखा झाला.

"कूस रिकामी राहिली म्हणून काळीजही रिकामं असावं लागतं का गं, थोरले?"

थोरलीने ओठ घट्ट मिटले. काय सांगणार होती ती? की त्याच सकाळी या हातांतून भरलेलं पातेलं निसटलं होतं, आणि पायावर सांडलेल्या गरम पाण्याची जाणीवसुद्धा उशिरा झाली होती? त्या इवल्याशा जिवाचं तसंच झालं तर…! त्यापेक्षा जळकी म्हणवून घेतलेलं बरं!

नवरा गेल्यावरही ती याच घरात राहिली होती, घराखालच्या, घरच्याच लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करत. आधी बोटं बधिर झाली. मग वाफेजवळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे धुकं दाटू लागलं, पाय लाकडासारखे होऊ लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतंय, उष्णतेने त्रास वाढेल. गोळ्या आहेत, पण पूर्ण बरं होणं नाही. त्या दिवशी ती सांगायचं ठरवूनच घरी परतली, आणि दारातच सासूबाईंचा आवाज कानी पडला. सासऱ्यांना लकवा झाल्यापासून ते जाईपर्यंत त्यांचं सगळं सासूबाईंनी एकटीने केलं होतं. शेजारणीला त्या म्हणत होत्या, "आता या घरात पुन्हा कुणी अंथरुणाला खिळलं, तर मीच मरेन गं!"

थोरलीने आपलं दुःख तिथेच गिळलं… ते कायमचंच!

तिचं मन मोकळं व्हायचं ते फक्त गुरुवारी. वाचनालयाच्या माडीवर, लिफ्टने वर येऊन, त्याच आजाराची माणसं जमत. काठी टेकत येणारे निवृत्त बस ड्रायव्हर, त्यांची हसतमुख बायको, चाकाच्या खुर्चीतून शिकवणारी एक शिक्षिका, व्यायाम करून घेणाऱ्या बाई. तिथे रडण्यापेक्षा हसणंच जास्त. गळ्याभोवती गार पाण्याचा रुमाल कसा गुंडाळावा, थकण्याआधीच कसं बसावं, हे तिथे ती शिकली. पण ड्रायव्हरकाकांचं एक बोलणं तिच्या पचनी पडत नव्हतं.

"पडायच्या आधी हाक मारायची, बाई. पडल्यावर सगळेच ओरडतात!"

"माझ्या घरी हाक मारण्यासारखं कुणी नाही," ती म्हणायची.

इकडे घरात संशयाचं विष भिनत चाललं होतं. दर गुरुवारी ही जाते तरी कुठे? धाकटी आता तिच्याशी तुटक बोलायची, आणि ती खोलीत आली की नकळत बाळाला छातीशी घट्ट धरायची. ते पाहून थोरलीचं काळीज तुटायचं… काही तरी अशुभ घडणार, असं तिला राहून राहून वाटायचं.

आणि ते घडलंच!

उकाड्याची दुपार होती. भावजी बाहेर गेले होते, सासूबाई वर होत्या. टोपलीत झोपलेल्या बाळाला लॉन्ड्रीच्या आतल्या खोलीत टेबलावर ठेवून धाकटी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती. थोरली कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत शिरली, तोच इस्त्रीची वाफेची नळी फुटली! फुत्कार करत वाफ खोलीत उसळली. तिच्या डोळ्यांपुढचं सगळं पांढरं झालं, गुडघ्यांतून बळच निघून गेलं. चाचपडत ती टोपलीपर्यंत पोचली. उचलावं? या हातांनी? ती टोपलीवर ओणवी झाली, पाठ वाफेकडे केली. पाठ भाजत होती, पाय सुटत होते, आता ती कोसळणार होती, तीही बाळावरच!

जन्मभर मिटलेले ओठ उघडले.

"आई…! आई, धावा! माझे पाय गेले… बाळाला घ्या!"

सासूबाई जिना कशा उतरल्या, त्यांनाच ठाऊक. धाकटीने टोपली ओढली, सासूबाईंनी नळीची तोटी बंद केली आणि सुनेला काखेत धरून बाहेर काढलं. बाळ सुखरूप होतं. थोरलीची पाठ मात्र लालभडक झाली होती.

"ऊठ गं बाई, ऊठ!"

"नाही उठवत, आई… आजचंच नाही, केव्हापासूनचं आहे हे…" आणि मग सारं सांगून झालं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, पुन्हा कुणी अंथरुणाला खिळलं तर…"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, थकले होते म्हणून बोलले! माणसांना विटले नव्हते मी! आणि तू… माझ्या तोंडचं इतकं वाईट ऐकून घेतलंस!"

धाकटीला हुंदका आवरेना. तिने थोरलीच्या पाठीवर गार ओला पंचा टाकला, तिला खांद्याचा आधार देऊन बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "आता पडायचं नाही. मी धरलंय ताई, दोघांनाही."

पाठ बरी झाल्यावरच्या गुरुवारी सासूबाई तिला सोडायला म्हणून माडीवर आल्या आणि दाराशीच अवघडून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरकाकांच्या बायकोने त्यांना खुर्ची दिली, सासऱ्यांच्या आजारपणापासूनची सगळी हकिगत ऐकली आणि सहज विचारलं, "त्यांचं सगळं तुम्ही केलंत, पण तेव्हा तुमचं कोण करत होतं हो?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरे गेले त्या दिवशीही न रडलेली ती बाई परक्या माणसांच्या घोळक्यात ओक्साबोक्शी रडली. थोरली तिच्या पाठीवरून आपला बधिर हात फिरवत राहिली.

आजार कुठे गेला नव्हता. दबा धरून बसलाच होता. पुढच्या गुरुवारी थोरलीचे पाय इतके जड झाले की तिला उठवेना. धाकटी तिच्या उशाशी बसून राहिली.

आणि सासूबाई एकट्याच माडीवर गेल्या.