ओटोची रिकामी जागा

या, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसतो तसं, मांडीला मांडी लावून. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली एक गोष्ट सांगतो. सांगतानाही थकायला होतं, पण सांगायला हवी.

दोन हजार सातचा नोव्हेंबर. आठवडाभराच्या ऑफिसने जीव मेटाकुटीला आलेला. आमच्या खालच्या मजल्यावर हेर केम्फ राहायचे, ऐंशीच्या पुढचे. हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. तरुणपणी जॅझ बँडात ड्रम वाजवायचे. त्या बँडची एकच रेकॉर्ड उरली होती, रॅगटाइम नावाच्या जुन्या उडत्या संगीताची. तिची सीडी करून द्यायचं मी कबूल केलं होतं.

"अहो, निदान चहा तरी घेऊन जा," माझी बायको मालिनी म्हणाली.

"खाली कॉफी मिळते."

"मिळते! मागच्या वेळी ती पिऊन आलात तेव्हा तोंड बघितलंय मी तुमचं."

केम्फांच्या खोलीत ओल्या लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास. सुई टेकली. क्लॅरिनेट, बँजो आणि खाली केम्फांचे तारांचे ब्रश, ड्रमवर सळसळणारे. मधेच सगळे थांबले. नुसती सळसळ राहिली.

"रेकॉर्ड बिघडलीय?"

"नाइन, बिघडली नाही. ही ओटोची जागा. पियानो त्याचा. रेकॉर्डिंगला येताना ट्रामखाली गेला. आम्ही त्याची जागा तशीच सोडली." ते मनगट चोळत राहिले. "तेव्हापासून मी एकटाच ताल धरून बसलोय, हेर श्रीरंग. दमलो. मी आहे तोवर एकदा तरी यावं त्याने."

सीडीसाठी मशीन जोडून पुन्हा सुई टेकवली. ती जागा आली आणि माझे हात आपोआप उठले. बुवा श्वासाला थांबले की गजर आपण उचलायचा, जागा रिती राहू द्यायची नाही, ही लहानपणापासूनची सवय. टाळ्या वाजवत मी म्हणालो, "विठ्ठल विठ्ठल."

ओशाळलोच. केम्फ मात्र हसले. "आम्ही इथे गप्प राहतो. तुम्ही नाव घेता? आल्झो, बरं, मग त्याचं घ्या."

पुन्हा सुरुवातीपासून. ती जागा आली. आम्ही दोघांनी टाळ्या धरल्या. "ओटो, ओटो."

पियानो वाजला.

आधी एकच सूर, जिना चढून दमलेल्या माणसासारखा. मग डावा हात. मग उजवा, खोडकर, चपळ.

"उशीर केलास, गाढवा," केम्फ हळूच म्हणाले.



मग लक्षात आलं, सळसळ थांबली होती.

केम्फांचे हात मांडीवर उघडे पडले होते. मी हाक मारली. मनगट धरलं. ते अजून कोमट होतं, पण नाडी लागेना.

बाकीचा बँड परतला. ब्रश नाही.

ती सीडी माझ्याकडे आहे. तिच्यात शेवटाकडे आता आणखी एक जागा आहे, आधी नसलेली. सगळे थांबतात, पियानोसुद्धा. वाट पाहतात. दर वेळी जरा जास्त.

वेर्नर केम्फ. एवढं नाव ध्यानात असू द्या, मायबापहो. देवापुढे दिवा लावताना घ्या, चालता-बोलता घ्या. ओटो आला तेव्हा केम्फ गेले; म्हणून फक्त ती सीडी वाजत असताना घेऊ नका.