नाकावरचा ऊस

"माझ्या नाकावर ऊस उगवलाय, मॅडम. तेवढा काढता का?"

आदितीनं लॅपटॉपवरून मान वर केली. समोर निळ्या शर्टातला एक उंच मुलगा शांतपणे पडद्याकडे बोट दाखवत उभा होता. पडद्यावर त्याचाच फोटो होता आणि 'चार एकर ऊस' ही ओळ नेमकी नाकावरून गेली होती.

कोल्हापुरातल्या जैन वधू-वर मेळाव्याच्या स्लाईड आदितीनं केल्या होत्या. एका कडेला फोटो आणि त्याला वळसा घालून खाली उतरणारा मजकूर, अगदी मासिकात असतो तसा. वर्डमध्ये मजकूर आपण होऊन फोटोला वाट देतो. स्लाईडमध्ये तशी सोय नव्हती. म्हणून या बाईंनी स्पेसबार बडवून एकेक ओळ बाजूला सरकवली. घरी झकास दिसलं. हॉलच्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता, आणि सगळ्यांच्या तोंडावर शिक्षण, उंची आणि शेती चढून बसली.

"आता सुरू हुईल की हो..." तिचा आवाज रडवेला झाला.

"सरका जरा. दोघं मिळून करूया," तो खुर्ची ओढत म्हणाला. "मी अनेकांत. उचगावच्या शाळेत शिकवतो. पोरांपुढं माझी बी अशीच फजिती झालीया. मजकुराचं दोन तुकडं करायचं – एक फोटोशेजारी, एक खाली. दोन येगळं चौकोन. मग फॉन्ट कसाबी नाचू दे."

तो तुकडे करत गेला, ती चौकोन बसवत गेली. माऊसवर दोघांचे हात एकदा आपटले... दोघांनीही उगाच पडद्याकडे बघितलं.

"ही चांगली दिसत्या," आदिती एका फोटोवर थांबून म्हणाली. "हिचा फोन नंबर देऊ?"

"आधी चौकोन सरळ लावा," तो हसला. "आणि ही शेवटची राहिली की. स्लाईडच्या नंबरावर काट हाय."

"ती दाखवायची न्हाय," तिनं घाईनं फाईल बंद केली.

ती स्लाईड तिची स्वतःची होती. आईनं हट्टानं नाव घातलं होतं. पण फोटो बघून माप काढणाऱ्या हॉलपुढं तिला जायचं नव्हतं, म्हणून तिनं ती लपवून ठेवली होती; नंबरावरची काट त्याचीच होती.

मेळावा सुरू झाला. अनेकांतची स्लाईड आली – स्वच्छ, देखणी. पुढच्या रांगेतल्या बायका पेनं काढून सरसावून बसल्या. आपल्याच हातानं याचं तोंड मोकळं केलं, आता हा जाणार, हे आदितीला लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं.

"अपेक्षा सांगा, पावणं," सूत्रसंचालक बाहुबलीअण्णांनी माईक पुढे केला.

अनेकांत खाकरला. "मुलगी... स्लाईडवर नसली तरी चालंल. लॅपटॉपपाशी बसलेली असली म्हंजे झालं."

हॉल हसला. सगळ्या माना मागे वळल्या. आदितीचे कान तापले.

"आगं, पुढची स्लाईड लाव की," अण्णा ओरडले.

बोट बटणावर अडखळलं. पुढची लावली, की विषय तिथंच संपणार होता. तिनं लपवलेल्या स्लाईडचा नंबर दाबला.

पडद्यावर आदिती आली. ही तेवढी दुरुस्त करायची राहिली होती; डोळ्यांवर एम.कॉम. आणि ओठांवर 'स्वयंपाकाची आवड'.

अनेकांतनं पडद्याकडे वळून बघितलं. माईक अजून हातातच होता. "तोंड दिसंना की हो..."

"मग या इकडं," आदिती जागेवरूनच म्हणाली. "दोघं मिळून करूया."

त्यानं माईक अण्णांच्या हातात दिला आणि तो सगळ्यांसमोर चालत तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.