एकाच टाकीचं पाणी

अवकाशतळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर मेहरुन्निसा परकार पडद्यावरची चित्रं बघत होत्या आणि समोर बसलेला श्रीरंग नाचणकर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. माणूस तसा धीराचा. लघुग्रहावरून बर्फ आणणाऱ्या ‘मेघवाहन’ यानाचा तो जलअभियंता. सव्वा वर्षाची मोहीम संपवून नुकताच घरी आलेला. पण घरी आल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लिंगावर लाल पुरळ उठलं होतं, लघवीला जळजळ होत होती, आणि बायकोला सांगायची चोरी. चोरून वाचायला बसावं, तर प्रत्येक रोगाचं वर्णन आपलंच वाटे.

“अनघाजवळ गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं,” तो म्हणाला. मग खाली बघत, “पण त्याआधी, परतीच्या वाटेवर, आमच्या यानचालक जाई कामेरकर यांच्याबरोबर... एकदाच.”

‘एकदाच’ म्हटल्यावर जणू काही सूट मिळणार होती.

“तेव्हा काही त्रास झाला?”

“नाही. पण रोग दबा धरून बसतात ना? तिच्याकडूनच आला असणार. आता अनघाला झाला, तर सगळं संपलं.”

“रोग नाहीच मुळी. सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. हे तुमच्या पहारेकणांचं काम.”

पहारेकण सगळ्यांच्याच रक्तात असत. लहानपणी टोचलेली ती सूक्ष्म यंत्रं घरचे जंतू सांभाळत आणि परके हुसकावत. त्यामुळे साथी थांबल्या होत्या, आणि मग कुणी त्यांचा फारसा विचारही करत नसे.

“पण अनघा परकी कशी?” श्रीरंगने विचारलं.

“पहारेकणांना लग्न कळत नाही, नाचणकर. त्यांना बिऱ्हाड कळतं. पाण्यात माणसांच्या जंतूंच्या खुणा उरतात, कितीही गाळा. त्या खुणांवरून ते घरचा कोण ते ठरवतात. गावात सगळे एकाच धरणाचं पाणी पितात, म्हणून इथे कुणाला काही होत नाही. यानावर तुम्ही पाणी कसं पुरवलंत?”

श्रीरंगचा आवाज जरा सावरला. हा त्याचा अभिमानाचा विषय होता. “खरं तर प्रत्येकाची टाकी वेगळी असते. पण वीज फार खाते. मी सातही जणांचा घाम, लघवी, सांडपाणी एकाच टाकीत घेतलं, आणि शुद्ध करून तेच प्यायला दिलं. ‘एक पंगत, एक पाणी’ म्हणायचे सगळे.”

“तिथेच सात जणांचं घट्ट बिऱ्हाड झालं. जाई कामेरकर घरच्या झाल्या, म्हणून तेव्हा काही झालं नाही. परकी झाली ती तुमची बायको. तुमच्या यानावरचे आणखी तिघे हीच तक्रार घेऊन आलेत. त्यांनी तर काहीच केलेलं नाही.”

“आपोआप बरं होईल?”

“पुरळ जाईल. जवळ गेलात की पुन्हा उठेल, आणि दर वेळी जास्त. ही ओळख पुसायला धरणाचं पाणी फार पातळ पडतं. तुम्ही दोघांनी वर्षभर बंद घरात एकाच टाकीचं पाणी प्यायचं, एवढा एकच उपाय आहे. ती कबूल हवी. तिलाही त्रास झालाच असेल.”

“ती काही बोलली नाही,” श्रीरंग म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. रोग नाही, म्हणजे जाईचं नाव काढायचं कारणही नाही. वाटेत त्याने बोलायचं सगळं नीट जुळवलं.

अनघा वालाच्या शेंगा सोलत होती. श्रीरंगने पहारेकण, टाकी, बंद घर सगळं समजावलं. छान समजावलं. जाईचं नाव वगळलं, तेवढं सोडून त्यात काही खोटं नव्हतं.

“म्हणजे दोष कुणाचाच नाही,” तो शेवटी म्हणाला.

“मलाही झालंय,” अनघा म्हणाली. “तू आलास, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. तुला मलम लावताना मी पाहिलं होतं. वाटलं, आता विचारशील, अनघा, मी नव्हतो तेव्हा इथे कोण येत होतं? तुमच्या यानावर तो तांडेल आहे ना, त्याने पुरळ उठल्यावर बायकोला हेच विचारलं. ताट भिरकावलं, अख्ख्या आळीला ऐकू गेलं. ती रडली बिचारी, पण नवरा आपलाच आहे, त्याने स्वतः काही केलेलं नाही, एवढं तिला कळलं. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. एकटाच डॉक्टरांकडे गेलास.”

“अगं, पण रोग नव्हताच.”

“मग घाबरला कशाला होतास?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते इतकं लख्ख पडलं होतं की तिला विचारावंसुद्धा लागलं नव्हतं. आता कधी काही पूर्ववत होणार नाही, हे श्रीरंगला कळून चुकलं. तरी बुडत्यासारखा तो म्हणाला, “एक वर्ष, अनघा. एका घरात, एका टाकीचं पाणी. तू कबूल झालीस तरच होईल. नाहीतर मला पुन्हा कधी तुझ्याजवळ येता येणार नाही.”

अनघाने शेंगांची सालं गोळा केली आणि ती उठली.

“यानावरच परत जा, श्रीरंग,” ती म्हणाली. “तिथे तुला जळजळ होणार नाही.”